कर्मणी प्रयोग

सूत किती काउंटचं, हे आमच्या गावात
शेंबड्या पोरालाही कळतं.
विसाचं, चाळिसाचं, चिमटीत धरून सांगतील.
पण समोर बसवून मी "तुमचा काउंट" म्हटलं
की पुरुषांची नजर थेट खिडकीबाहेर,
टॉवेलच्या कारखान्याच्या धुराड्यावर.

तीन वर्षं मोजत होते मी.
काचेवर आखलेले बारीक चौकोन,
त्यात पोहणारे, जागीच गरगरणारे, निपचित.
अंगठ्याखाली मोजयंत्राचा खटका,
भिंतीपलीकडे मागाचा.
कधी दोघांचा ताल जुळायचा
आणि मोजणी चुकायची.
पुन्हा पहिल्यापासून.

एकशे बेचाळीस पुरुष.
डाइंगचे, सायझिंगचे, बॉयलरवरचे.
चार जण खारीच्या भट्टीवरचेही होते,
त्यांना शेवटी वगळलं. तक्त्यात मावेनात.

नमुना तासाभरात यायला हवा,
अंगाच्या उबेइतका कोमट.
दवाखान्यातल्या त्या खोलीत, कडी नीट न लागणाऱ्या,
बहुतेकांना जमायचं नाही.
मग घरून आणायचे.
म्हणजे, आणायच्या.

भाग्यम्मा चिलवेरीनं विड्यांची पाटी दाराशी ठेवली,
माझ्याकडे पाठ केली,
पोलक्यातून बाटली काढली.
विडी घरकुलापासून दोन रिक्षा.
"थंड होऊ दिलं नाही, बाई."
आठ वर्षांत तिच्या नावावर
दोन क्युरेटिंग, एक दुर्बीण,
आणि उपास किती ते तिलाही आठवेना.
राजमल्लूची ही पहिली बाटली.

मग बोनसवरून बंद झाला.
अडीच महिने बॉयलर गार.
पूर्व भागात एका वेळची चूल पेटत होती,
आणि माझ्या तक्ता क्रमांक तीनमध्ये
आकडे चढत होते.
मला आनंद झाला.
हे कुठेही छापलेलं नाही.

परीक्षकाचं पत्र आलं:
नमुन्यांच्या वाहतुकीची पद्धत स्पष्ट करावी.
शाळेत शिकले होते मी, कर्मणी प्रयोग.
कर्ता गाळला तरी वाक्य पडत नाही.
इंग्रजीत तर तो फारच शोभून दिसतो.
लिहिलं: नमुने शरीरालगत ठेवून आणले गेले.
कोणाच्या शरीरालगत,
हे नंतर कोणी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही. शब्दमर्यादा होती.

निष्कर्ष राजमल्लूला मराठीत करून सांगितला:
चौऱ्याहत्तर दिवस उष्णतेपासून दूर राहिल्यास
फरक पडतो.
तो पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसला.
"मग काय, पुन्हा बंद पुकारायचा?
आणि मे महिन्यात सोलापुरात दूर म्हणजे कुठं?
सिद्धेश्वराच्या तळ्यात उभा राहू?"
'अभ्यासाच्या मर्यादा' या मथळ्याखाली
हे वाक्य जायला हवं होतं.

मूल झालं का, विचारू नका.
तो या अभ्यासाचा उद्देश नव्हता.

छापील प्रत आली तेव्हा
भाग्यम्मा सहज बघायला म्हणून आली.
तिला तेलुगू वाचता येतं, थोडं मराठी.
"यात मी कुठं आहे?"
चौथ्या पानावर, वरून सातवी ओळ.
मी बोट ठेवलं. माझं बोट बाजूला सारून
तिनं तिचं ठेवलं,
बराच वेळ, जसं पान कापायच्या आधी
पत्रा दाबून धरतात.

ती प्रत अजून कपाटात आहे.
सातव्या ओळीवर तपकिरी ठसा.
संदर्भासाठी कधी उघडावी लागते,
आणि दरवेळी
मला शिंक येते.